देवघरातलं फुलपात्र

"डॉक्टर, दोन दिवस बाबांना लघवीच झालेली नाही. विष घातलंय त्यांना," हरी दारातच म्हणाला.

"कोणी?"

"माझ्या बायकोनं. कोठीत कोंडलीय. फौजदारांना निरोप गेलाय."

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर चौलकर छत्री मिटून आत आले. १९५८ सालचा आषाढ. रेवसची लाँच बंद, त्यामुळे मुंबईचं मोठं इस्पितळ असून नसल्यासारखं. मांडव्याच्या या घरातून ना रोगी हलणार होता, ना सून सुटणार होती.

हरीचे वडील मार्तंडराव सुजून ग्लानीत पडले होते. डॉक्टरांनी नळी घालून चार थेंब लघवी मिळवली आणि बरोबर आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तीत बारीक, टोकदार खडे चमकत होते.

ते कोठीच्या बंद दाराशी गेले.

"सूनबाई, काय दिलंत त्यांना?"

"बिंबलीच्या आंबट फळांचा रस. मधुमेहावर मामंजींनीच मागितला," आतून सरोजिनी म्हणाली. "रोज तीन फळांचा, जेवताना."

"त्यांच्याशी भांडण होतं?"

"होतं. अलिबागच्या शाळेत मला नोकरी लागलीय. ते नको म्हणतात."

आपल्याच गळ्याला फास लागेल असं खरं बोलणारी बाई डॉक्टरांना खोटी वाटेना.

परसातलं बिंबलीचं झाड हात पोचेल तिथवर ओरबाडलेलं होतं. देवघराच्या उंबऱ्यावरून त्यांना एक पितळी फुलपात्र दिसलं. बाहेरून काळपट, आतून लखलखीत.

"देवाची भांडी कोण हाताळतं?"

"आईच. सोवळ्यातली आहेत, दुसऱ्या कोणाला शिवू देत नाही," हरी म्हणाला.

डॉक्टरांनी हरीच्या आईला, दुर्गाबाईंना, समोर बसवलं.

"भांडं घासणारं माणूस फक्त आतून घासत नाही. यात रोज आंबट रस भरून ठेवला जात होता. तीन फळांनी झाड रिकामं होत नाही. किती दिवस देत होतात?"

"आठ दिवस," दुर्गाबाई म्हणाल्या. "पहाटे, अनशापोटी. जास्त दिला तर लवकर गुण येईल वाटलं."

"तिथंच घात झाला. त्या फळात एक तीव्र आम्ल असतं. जेवणातलं थोडं अन्नाबरोबर निघून जातं. रिकाम्या पोटी घेतलेलं थेट रक्तात शिरतं. तिथल्या चुन्याशी त्याचे खडे बनतात आणि मूत्रपिंडाच्या केसाएवढ्या नळ्यांत अडकतात. नळ्या तुंबल्या की लघवी बंद. विष कोणी घातलं नाही. पण दोन दिवस गप्प राहून सुनेला कोठीत तुम्ही ठेवलंत."

"ते वाचतील?"

"रस बंद करा. लघवी सुटली तर वाचतील."

हरीनं खाली मान घालून कडी काढली. सरोजिनी बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"मी आज सांगणारच होते गं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"कडी लावली तेव्हा तुम्ही इथंच उभ्या होतात, सासूबाई," सरोजिनी म्हणाली आणि सासऱ्यांच्या उशाशी जाऊन बसली.