चौथं प्रकरण

लोकमन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आकडा एक्याण्णववर थांबला आणि डॉ. विद्याधर नेर्लेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहा वर्षांत विद्यापीठातल्या एकाही प्रबंधाचा अशांतता-निर्देशांक तिसाच्या वर गेला नव्हता. मर्यादा चाळीसची. ती ओलांडली की प्रबंध प्रसिद्ध होत नाही आणि पदवीही मिळत नाही.

"मी सांगितलं होतं, चौथं प्रकरण गाळा," समोर बसलेल्या रझिया मुजावरला ते म्हणाले. "सगळेच गाळतात."

सगळेच गाळत, हे खरं होतं. समाजशास्त्र विभागात तर ती रीतच पडली होती. चाचणीआधी मार्गदर्शक आणि विद्यार्थी दार लावून बसत आणि टोचेल ते पान काढून टाकत. मग निर्देशांक अकरा-बारा यायचा, पेढे वाटले जायचे आणि समाजाचा अभ्यास झाला म्हणायचं! रझियाच्या मार्गदर्शक प्रा. सुलभा कांडेकर यांनी असे चौदा प्रबंध स्वतः कातरले होते. पंधराव्याला रझिया अडून बसली. शहरातल्या त्रेसष्ट पाणी समित्यांची इतिवृत्तं तिने पाच वर्षं तपासली होती. समित्यांच्या बैठका ओस का पडतात आणि त्या ओस ठेवण्यात कोणाचा फायदा आहे, हे चौथ्या प्रकरणात नावांसकट होतं. ते काढलं तर उरणार काय, नुसता पुठ्ठा.

"पण प्रबंधाने किती अशांतता माजेल, हे यंत्राला कळतं कसं?" रझियाच्या शेजारी बसलेल्या कांडेकरांनी विचारलं. सहा वर्षांत आपण हा प्रश्न एकदाही विचारला नाही, याची त्यांना लाज वाटली.

नेर्लेकर खुलले. यंत्र त्यांचंच होतं. "प्रत्येक नागरिकाच्या फोनमध्ये सोबती असतो, प्रश्नांना उत्तरं देणारा बोलका मदतनीस. माणूस त्याच्याशी रोज बोलतो, त्यामुळे तो कशाने चिडेल हे सोबत्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आम्ही सोबत्याला प्रबंध वाचायला देतो आणि विचारतो, हे कळलं तर तुझा माणूस काय करेल? शहरातल्या सहा लाख उत्तरांवरून निर्देशांक निघतो."

"मग खऱ्या सोबत्याऐवजी त्याची नक्कल का नाही वापरत?" कांडेकरांनी विचारलं.

"वापरून पाहिली. माणूस रोज बदलतो, नक्कल दोन दिवसांत शिळी होते. खरा सोबतीच लागतो."

"म्हणजे माझा प्रबंध सहा लाख सोबत्यांनी वाचलाय," रझिया म्हणाली.

"वाचू दे की! विचारल्याशिवाय सोबती तोंड उघडत नाही. तुम्ही चौथं प्रकरण काढा, उद्या पुन्हा चाचणी घेतो. नाहीतर गुरुवारची मौखिकी, प्रबंधावरची तोंडी परीक्षा, रद्द."

"एक ओळ काढणार नाही, सर. गुरुवारी अकराला मी उभी राहणार. सभागृहाला कुलूप लावलंत तर व्हरांड्यात."

"आणि मी तिच्या शेजारी," कांडेकर म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. एवढं धाडस फार आधी जमायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं.

मौखिकी नियमाने खुली असते, कोणीही येऊन प्रश्न विचारू शकतो. प्रत्यक्षात घरची चार माणसं येतात, तीही सामोशांसाठी.

गुरुवारी सभागृहाला कुलूपच होतं. पण व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, बागेत माणसं, पार्किंगमध्येही माणसं. नेर्लेकर धापा टाकत आले.

"यांना कोणी बोलावलं?"

"कुणीबी नाही," पुढे उभा असलेला खाकी शर्टातला माणूस म्हणाला. तो सत्तावीस नंबर वॉर्डातला पंपचालक होता. "नळाला पाणी का येत नाही, म्हणून मी रोज सोबत्याला विचारतो. रोज म्हणायचा, तांत्रिक अडचण. त्याला तरी कुठं ठावं होतं! सोमवारी म्हणाला, आता खरं कारण कळलंय, या मॅडमच्या प्रबंधातलं एकशेबारावं पान ऐका. पुढं काय करू विचारलं, तर म्हणाला, गुरुवारी अकराला त्यांची मौखिकी आहे, ती सगळ्यांना खुली असते."

मागून होकाराचा गलका उठला. नेर्लेकर कुलपाला टेकून उभे राहिले. यंत्राचा अंदाज अगदी बिनचूक होता, आणि तो खरा केला होता यंत्रानेच.

"मॅडम, माझा एक आक्षेप आहे," पंपचालकाने हात वर केला. "आमच्या समितीची मार्चमधली बैठक झालीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. झाली होती. मी एकटाच गेलो होतो."

रझियाने एकशेबारावं पान उघडलं, पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. प्रबंधातली ती पहिली काट होती.

"नाव सांगा तुमचं," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न कोणाचा?"