रडारच्या फोटोवरचे ढग

फुजैराच्या समुद्रात तेल सांडलं होतं. ते कुठल्या जहाजाचं, हे दाखवणारा बारा मार्चचा उपग्रहाचा फोटो मात्र कंपनीच्या यादीतून गायब होता. खापर फुटलं फोटो सांभाळणाऱ्या हेमचंद्रवर. संध्याकाळपर्यंत फोटो मिळाला नाही तर त्याचा व्हिसा कॅन्सल होणार होता. दोन्ही लेकरांची शाळा अर्ध्यावर सोडून घरचे सगळे भारतात परत.

उपग्रहाचे फोटो पुरवणाऱ्या या कंपनीच्या मालकीण, रत्नागिरीच्या साजिदाबाई, यांनी शारजाहून शोभना कर्णिकला बोलावलं. विम्याच्या भानगडी उकलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा मुरलीधर गाडी चालवायचा आणि, त्याच्या मते, डोकंही.

"मी का डिलीट करू, ताई?" हेमचंद्र म्हणाला. "रडारचा फोटो तो. रडारला ढगांतूनही दिसतं. म्हणून रडारच्या प्रत्येक फोटोला मी ढगांच्या रकान्यात शून्य भरतो."

प्रोग्राम लिहिणारी मुग्धा तुटकपणे म्हणाली, "यादी ऑटोमॅटिक निघते. तारीख जुळली आणि ढग दहा टक्क्यांच्या आत असले की फोटो यादीत. आकडे बदलायचा पासवर्ड इथल्या आम्हा तिघांकडेच आहे."

तिसरा म्हणजे मॅनेजर सुजीत, एका जहाज कंपनीतून नुकताच आलेला. त्याने आधी चहा मागवला. "मॅडम, रडारचा असला म्हणून काय झालं? त्या दिवशी एवढे ढग होते, समुद्र दिसणार कसा? खलास, विषय संपला, त्या बिचाऱ्याला उगाच छळू नका."

मुरलीधरला माणूस आवडला. "भला आहे गं," तो कुजबुजला. "मला तर हेमचंद्रच गडबडलेला वाटतोय."

"अहो, जरा गप्प बसता का?" शोभना म्हणाली. "मुग्धा, ढगांची अट काढ. नुसत्या तारखेवर यादी दे."

फोटो आला. कुणी पुसलाच नव्हता. ढगांच्या रकान्यात चाळीस लिहिलेलं होतं.

"म्हणजे हेमचंद्रनेच चुकीचा आकडा भरला?" साजिदाबाईंनी विचारलं.

"त्याच्या बाकी सगळ्या रडार फोटोंना शून्य आहे. आणि त्याला किंवा मुग्धाला लपवायचंच असतं, तर त्यांनी तारीख बदलली असती. रडारच्या फोटोला ढग लावले तर जाणकाराला लगेच खटकतं. इथे ते न खटकणारा एकच माणूस आहे." शोभना सुजीतकडे वळली. "ढगांमुळे समुद्र दिसत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

मुग्धाने फोटोतला तेलाचा पट्टा बंदराच्या नोंदींशी ताडून पाहिला. तो ज्या जहाजापाशी संपत होता, ते सुजीतच्या जुन्या कंपनीचं निघालं.

"मी डिलीट नाही केला," सुजीत खालमानेने म्हणाला. "फक्त यादीत येऊ नये, एवढंच."

"आणि त्यापायी याचं घर उठत होतं," शोभना म्हणाली. तिचा संताप मुरलीधरला प्रथमच इतका स्पष्ट ऐकू आला.

साजिदाबाईंनी व्हिसा कॅन्सल करायचा कागद फाडला. हेमचंद्रने घरी फोन लावला.

"वासंती, शाळेतून दाखले काढू नकोस." तो ऐकत राहिला. "काढलेस? मग परत देऊन ये."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि सगळ्यांसमोर रडला.