ऊनथेंब

मे महिन्यातली दुपार, पारा सेहेचाळीसवर, आणि शेजारच्या घोरपड्यांच्या अंगणात अबोली भर उन्हात केशरी फुलली होती. ते पाहून हेमलता भणगेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अबोली सावलीत रमणारी. अशा उन्हात दोन दिवसांत तिची पानं करपायला हवी होती. ती करपत नव्हती, आणि त्याला जबाबदार खुद्द हेमलताबाईच होत्या.

मिरजेच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर चार वर्षांपूर्वी त्यांनी घरातच ‘ऊनथेंब’ तयार केले होते. वादळात बागेतलं झाड पडलं, खालची अबोली न् सोनटक्का उघड्यावर आले, तेवढ्यापुरतेच. थेंबांतले जिवाणू पानात शिरून एक रंगद्रव्य बनवत. पानाला न झेपणारा प्रकाश ते उष्णतेच्या रूपात बाहेर टाकी आणि पान वाचे.

पुढची चूक मात्र बाग करणाऱ्या बाईनेच करावी अशी. कुणी कंद मागितला तर नाही म्हणायचं नाही, ही आईची शिकवण. सोनटक्क्याच्या कंदाबरोबर त्यांनी थेंबांची बाटलीही कुंपणावरून घोरपड्यांना देऊन टाकली, वर थेंब बनवायची कृतीही सांगितली. बाटली कॉलनीभर फिरली. फुलांना सावली लागत नाही म्हटल्यावर झाडं हवीत कुणाला? एकेकाने ती पाडून विजेसाठी सौरपत्रे बसवले. उरला घोरपड्यांच्या हद्दीतला एक करंज, आणि आज त्याची पाळी होती.

“दौलतराव, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!” त्या कुंपणाशी येऊन कडाडल्या.

“तुमच्याच थेंबांची कृपा, बाई,” घोरपडे हसले. “पालिकेचा माणूस विचारून गेला, झाडाखाली सावलीवर जगणारं काही आहे का? म्हटलं, काही नाही. मिळाली परवानगी.”

“अहो, पानं वाचतात ती सगळी उष्णता गल्लीत ओकून! बाहेर पाऊल ठेववत नाही, कळत नाही तुम्हाला?”

“म्हणून तर एसी लागतो, आणि एसीला पत्रे.” घोरपड्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

लाकूडतोड्या बिराप्पा करवत बाजूला ठेवून करंजाखाली भाकरी खात बसला होता. अख्ख्या गल्लीत बसण्याजोगी तेवढीच जागा होती. हेमलताबाई त्याच्यावरही तुटून पडल्या. “त्याच्याच सावलीत जेवतोस आणि त्यालाच पाडतोस? उद्या कुठं बसशील?”

बिराप्पा रागावला नाही. “खरं हाय तुमचं. पर आमाला दुसरं काम न्हाई. गेल्या म्हैन्यात माझा भाऊ उन्हानं चक्कर येऊन झाडावरनं पडला, त्यो उठलाच न्हाई.” घास तसाच हातात धरून त्याने अजिजीने विचारलं, “बाई, ती थेंबं मानसाला लागू पडत्यात का वो?”

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण डोक्यात विचार सुरूही झाला होता: जिवाणू कातडीत टिकतील का, रंगद्रव्य किती लागेल… त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. बिराप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. त्याला द्यायला त्यांच्याकडे दुसरं उरलं तरी काय होतं?