दीड फुली

मांडणी भिंतीला ठोकायची म्हणजे वीस मिनिटांचं काम. वर दोन एल पट्ट्या, चार भोकं, चार स्क्रू, झालं. तेवढं केलं की पोरं तिच्यावर चढली तरी ती जागची हलत नाही. आणि तेवढं केलं नाही तर... तेच सांगतो. दिवे येईपर्यंत तुम्हालाही काही काम नाही आणि मलाही. ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा.

मी सुतार. हल्ली रंधा मारायचं काम फार राहिलं नाही. दुकानातून खोक्यात येतं ते घरी जाऊन जोडायचं. अकरा वर्षांपूर्वी अशीच एक पाच कप्प्यांची उंच मांडणी घेऊन मी एका घरी गेलो. तिसरा मजला. घरात नवरा-बायको, एक रांगतं बाळ आणि पाच वर्षांची मुलगी. मी खोकं उघडलं तशी ती मुलगी जी माझ्या मानगुटीवर बसली, ती उतरायलाच तयार नाही. हे काय, ते कशाला, हा स्क्रू असा वाकडा का. मी म्हटलं, "तुम्ही तर आमच्या मुकादम." तिला ते इतकं आवडलं की आईनं हाक मारली तरी ओ देईना, मुकादम म्हटलं तरच बघायची.

भोक पाडायच्या आधी मी भिंत बोटानं वाजवून बघतो आणि जिथे भरीव लागते तिथे पेन्सिलीनं फुली मारतो. मुकादमांनी विचारलं, "फुली कशाला?"

"फुली मारली की सुताराला तिथे यावंच लागतं. सुटका नाही त्याची."

गंमत म्हणून बोललो. तिला खरं वाटलं. तिला पेन्सिल हवी होती, म्हणून मी माझी चपटी लाल पेन्सिल मोडून अर्धी तिला दिली.

चारी फुल्या मारून झाल्या, ड्रिल हातात घेतलं आणि वीज गेली. भिंत काँक्रीटची, हातानं भोक पडणं शक्य नव्हतं. अर्धा तास थांबलो. मग आळस म्हणा, भूक म्हणा, मी हत्यारं गोळा केली. पट्ट्या आणि स्क्रूची पुडी हरवायला नको म्हणून मांडणीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. बाईंना म्हटलं, "उद्या येऊन ठोकून देतो."

वीस मिनिटांचं काम. त्यासाठी एवढ्या लांब कोण जातो? दुसऱ्या दिवशी दुसरं काम लागलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. बाईंचा फोन यायचा, मी म्हणायचो, "आलोच." तुम्हाला ठाऊक आहे आम्हा लोकांचं आलोच. माणूस आंघोळीला बसलेला असतो आणि आलोच म्हणतो. एकदा मुकादमांनीच फोन हिसकावून घेतला.

"काका, आलोच म्हणजे किती?"

"एक झोप काढा, उठलात की मी दारात."

"मी पहिल्या दिवसापासून रोज एक फुली मारतेय," ती म्हणाली. "मग तुम्हाला यावंच लागेल."

मी हसलो. फोन ठेवला आणि चहा मागवला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी मांडणी पडली. मला दुकानातून कळलं. मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो? तोंड लपवून घरी बसलो.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसलं असतं.

"या आता. ठोकून जा. धाकटा उभा राहायला लागलाय."

भर दुपारी गेलो. ऊन लख्ख होतं, तरी त्या खोलीत पाऊल टाकल्यावर अंगावर गार लहर आली. मांडणी उभी करून ठेवली होती, रिकामी. तिच्या शेजारी भिंतीवर, माझ्या कमरेच्या खाली, ओळीनं फुल्या होत्या. लहान हाताच्या, एक पाय आखूड, एक लांब.

"नऊ आहेत," बाई म्हणाल्या. "रोज मोजते मी."

मीही मोजल्या. नऊ.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी ती सकाळपासून म्हणत होती, काका येत नाहीत, मीच ठोकते. कप्प्यांवर पाय देऊन वर चढली. पुडी तिच्या मुठीतच होती..."

त्यांनी पदराच्या टोकातून पुडी काढून माझ्या हातात दिली. पट्ट्या दोन, स्क्रू चार, काही हरवलं नव्हतं. मला रडू फुटेना.

आत बाळ रडलं म्हणून बाई गेल्या. मी मांडणी भिंतीपासून जरा ओढली आणि स्टुलावर चढलो. माझ्या फुल्या जागेवर होत्या. ड्रिलची वायर सोडवत होतो, तेवढ्यात खाली आवाज आला. खर्र... जरा थांबून, खर्र. पेन्सिल चुन्यावर ओढली की होतो तो आवाज, मी आयुष्यभर ऐकलाय. दोन रेघा. ताज्या शिसपेन्सिलीचा वासही आला. मी खाली बघितलं नाही. स्टुलावर तसाच उभा राहिलो.

बाई परत आल्या तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "बाई... जरा मोजता का?"

त्यांनी बोट टेकवत मोजलं. शेवटच्या फुलीवर बोट थांबलं. त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी पूर्ण तळवा भिंतीला लावला आणि झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं भिंतीला थोपटत त्या म्हणाल्या, "आले गं काका. आले बघ."

दहा होत्या.

मी चार भोकं पाडली, गिट्ट्या बसवल्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवतात त्या प्लास्टिकच्या नळ्या, आणि स्क्रू आवळले. धरून सगळ्या अंगानं ओढून बघितलं. मांडणी तसूभर हलली नाही. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निघताना मी बाईंच्या पाया पडलो, त्यांनी पाय मागे घेतले.

तेव्हापासून मांडणी ठोकल्याशिवाय मी घराबाहेर पाय टाकत नाही. लोक म्हणतात भिंतीला कालच रंग दिलाय, भाड्याचं घर आहे, भोकं नकोत. मी म्हणतो मग माल परत न्या. खडूस म्हणतात मला, म्हणोत. वीज गेली तर बसून राहतो, आज बसलोय तसा.

पण जिभेचं काय करू? अकरा वर्षांत आलोच हा एक शब्द काही सुटला नाही.

गेल्या आठवड्यात एका घरी जायचं होतं. नवं जोडपं, तीन महिन्यांचं बाळ. मांडणी त्या नवऱ्यानं स्वतःच जोडून उभी केली होती, फक्त ठोकायची राहिली होती. त्या ताईंचा सकाळी फोन आला, मी सवयीनं म्हणालो, "आलोच." आणि त्या दिवशी जमलं नाही. खरंच नाही जमलं, हिचा दवाखाना निघाला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोचलो.

ताई हसून म्हणाल्या, "एवढी काय घाई होती? आम्ही कुठे पळून जातोय?"

मी मांडणी बाजूला ओढली. मागची भिंत कोरी होती, नुकताच रंग दिलेला. खाली, माझ्या कमरेच्याही खाली, एक फुली होती. एक पाय आखूड, एक लांब. तिच्या शेजारी एक तिरकी रेघ. नुसती एकच. दुसरी ओढायची राहून गेली होती.

मी बोट लावलं. शिसं बोटाला लागलं.

"ताई, इथे कुणी लहान मुलं येतात का?"

त्यांनी वाकून बघितलं. खांद्यावरच्या बाळाला त्यांनी दोन्ही हातांनी जवळ घेतलं. "नाही हो... आणि आमचं तर अजून कुशीवरही वळत नाही."

मी पेन्सिल काढली. वर भरीव जागा बघून चार फुल्या मारल्या आणि ड्रिल लावायच्या आधी भिंतीला हळूच म्हणालो, "आलो, मुकादम."

या वेळी नुसतं आलो म्हणालो. तरी ती रेघ मी पुसली नाही. पुसायचा धीर झाला नाही.