स्टोअररूममधली दहा मिनिटं

दार उघडलं, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले. रक्ततपासणीच्या आमच्या लॅबमधली ती स्टोअररूम. दुपारी दोनला तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून मी रोज दहा मिनिटं तिथं प्रार्थनेला जायची.

"सॉरी... हातमोजे हवे होते." दारात आठवड्यापूर्वी रुजू झालेला, मशीन दुरुस्त करणारा इंजिनिअर.

"डोकं दुखतंय," मी ठोकून दिलं.

"हात जोडल्यावर थांबतं?"

माझे कान तापले. आमच्या लॅबमध्ये देवाचं नाव काढलं, की लोक आजाऱ्याकडे बघावं तसे बघतात. "कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार. पण... तो ऐकतो?"

"माहीत नाही."

तो हसला नाही. तिथंच माझा घात झाला.

मग रोज दोन वाजता तो दाराबाहेर काहीतरी खुडबुड करत बसायचा. कुणी आलं, की "आत रसायन सांडलंय" म्हणून परतवायचा. मी बाहेर आले, की आमचा वाद.

"देव आहे, हे सिद्ध करा."

"तो नाही, हे तुम्ही सिद्ध करा."

वाद घालताना त्याच्या भुवईवरचं ग्रीस पुसावंसं वाटायचं... प्रार्थनेत मी भलतंच मागायला लागले होते.

एकदा लॅबमध्ये सगळे जेवताना आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "शिकलेली माणसंसुद्धा प्रार्थना करतात, कमाल आहे." सगळे हसले. तो तेवढा मान खाली घालून बसला.

"मी करते," मी म्हणाले. "रोज. कधी विश्वास असतो, कधी नसतो. तरी करते."

चमचे थांबले.

"अगं, तू? तुझे रिपोर्ट तर कधी चुकत नाहीत."

"ते मी दोनदा तपासते म्हणून, मॅडम."

त्या हसल्या... या खेपेला माझ्याबरोबर. मी डबा उचलून बाहेर पडले. उडावंसं वाटत होतं.

जिन्यापाशी तो धावत आला. "तू—" आम्ही दोघंही चमकलो. आजवर 'तुम्ही' होतं. "तुझा देव मला पटलेला नाही. उद्या पटेल, असंही नाही."

"बरं."

"पण तू पटलीस. कधीचीच."

"आईला सांगताना पंचाईत आहे," मी पुटपुटले. "जावई नास्तिक..."

"जावई?"

मी जीभ चावली. पण शब्द मागे घेतला नाही.

"घरी कधी येऊ?"

"रविवारी," मी म्हणाले, आणि जेवून बाहेर आलेल्या सगळ्यांदेखत त्याचा हात धरून जिना उतरले.