सातव्या थांब्यावरची टकटक

हे खरं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं इथेच वाचणं बंद करावं. माझं काही अडलेलं नाही.

मी चौथी शिकलेली बाई. मला गोष्टी रचता येत नाहीत. माझ्या सुनेबरोबर जे झालं, तेवढंच लिहिते.

आणि आधीच सांगते. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. बुधवार होता. थंडीचे दिवस, दुपारचे साडेचार. रस्त्यावर माणसं होती.

सून माझी आवाजाची नोकरी करते. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणणारी बाई असते ना, तसली. दुसऱ्यांनी लिहिलेलं गोड आवाजात वाचायचं. घरात मात्र तोंड उघडेल तर शपथ.

गेल्या वर्षी तिला मोठं काम मिळालं. आमच्या शहराचा जुना भाग बघायला लोक येतात. त्यांना सोबत माणूस नको असतो. कानात हेडफोन घालायचे, मोबाइलवर बटण दाबायचं, आणि आवाज सांगेल तसं चालायचं. डावीकडे वळा. वर बघा. अकरा थांबे, आणि अकराही ठिकाणी आवाज सुनेचा.

कौतुकानं तिनं ते मला जेवणाच्या टेबलावर ऐकवलं. मीही ऐकत होते.

मग थांबा क्रमांक सात आला.

'ही तीन मजली इमारत म्हणजे जुना शिलाई कारखाना. इथे एका कामगार स्त्रीने निष्काळजीपणे इस्त्री चालू ठेवल्यामुळे आग लागली. तीत पाच जणी दगावल्या.'

हातातली वाटी मी टेबलावर आपटली.

ती 'एक कामगार स्त्री' म्हणजे माझी थोरली बहीण. वय बावीस. शर्टाच्या कॉलरींना इस्त्री करायची.

"कोणी लिहिलं हे?"

"आई, मजकूर मालकाच्या नातवाकडून आला. इमारत अजून त्यांचीच आहे."

"आणि तू वाचलंस?"

"मला कुठे माहीत होतं की ते..."

"बारा वर्षं या घरात आहेस. भिंतीवर तिचा फोटो आहे. पुसतेससुद्धा. कधी विचारलंस, ही कशानं गेली?"

"आई, माझं काम फक्त वाचायचं..."

"मग पोपट का नाही बसवला त्यांनी? तोही वाचल्यासारखं बोलला असता! एकदा ती आगीत जळाली. आज तुझ्या जिभेवर जळाली."

सुनेचे डोळे भरले. भरू देत म्हटलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. भिंतीतली वायर आठवडाभर ठिणग्या टाकत होती. पोरींनी मालकाला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्याचं दार बाहेरून कुलूप लावून बंद असायचं, पोरी वेळेआधी पळू नयेत म्हणून. काम झालं की ताई कात्रीच्या मुठीनं पाण्याच्या पाइपवर तीनदा वाजवायची. टक्, टक्, टक्. आवाज पाइपातून खाली उतरायचा. मग वॉचमन वर जाऊन दार उघडायचा.

"त्या दिवशी नाही वाजवलं त्यांनी?" सुनेनं विचारलं.

"वाजवलं."

"मग वॉचमन का नाही आला?"

"मला काय माहीत!" मी म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सून वही घेऊन निघाली. कुठे काय चुकीचं सांगितलंय ते जागेवर बघून लिहिणार, आणि ऑफिसात भांडणार. तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, तू आणि भांडणार?

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तिनं हेडफोन घातले. स्वतःचाच आवाज ऐकत स्वतःच चालायचं, तिला हसू येत होतं. सहा थांबे नीट झाले. घोडे जिथे पाणी प्यायचे ती दगडी कुंडी आली, मग अरुंद गल्ली. वर वाळत घातलेले कपडे. कोपऱ्यावर एक चांभार बसला होता, टाचेला खिळे ठोकत.

ती इमारतीसमोर उभी राहिली. वरच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या. भिंतीवर गंजलेला लोखंडी पाइप, तिसऱ्या मजल्यापासून पार जमिनीपर्यंत.

तिनं बटण दाबलं.

'आता तुम्ही थांबा क्रमांक सातवर आहात. वर बघा. इथे एका कामगार स्त्रीने...'

आवाज थांबला.

मोबाइल चालू होता. आकडे पुढे सरकत होते.

मग कानात... श्वास.

रेकॉर्डिंग करताना श्वास कापायचा असतो, ती स्वतः बसून कापून घेते. राहिला असेल, तिला वाटलं.

आणि मग तिचाच आवाज म्हणाला...

'नाही.'

हे ती कधी बोललीच नव्हती.

'इस्त्री उभी होती. टाचेवर उभी होती. मी कधी आडवी ठेवत नाही.'

आवाज तिचाच. पण त्यात असला राग, की असा तिनं आयुष्यात कोणावर काढलेला नाही. माझ्यावरसुद्धा नाही, आणि मी काय कमी कारणं दिली आहेत?

तिनं आजूबाजूला पाहिलं.

चांभाराचा हातोडा वर जात होता, खाली येत होता...

आवाज येत नव्हता.

वरचे कपडे वाऱ्यावर फडफडत होते. आवाज नाही. एक बाई मोबाइलवर बोलत जवळून गेली. ओठ हलत होते. आवाज नाही.

सुनेनं बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. आकडे थांबले.

बोलणं थांबलं नाही.

'दार बाहेरून लावलंय. पाचजणी आहोत आम्ही. पाचजणी!'

तिनं हेडफोन ओरबाडून काढले.

टक्...

पाइपातून.

टक्... टक्...

तीन झाले. आता थांबेल, तिला वाटलं. मीच सांगितलं होतं ना, तीन.

थांबलं नाही. चार. पाच. सहा. मग मोजता येईना, इतकं भराभर. कुणीतरी जीव खाऊन लोखंडावर लोखंड आपटत होतं.

तिनं का केलं तिलाच ठाऊक नाही, पण तिनं पाइपावर तळहात ठेवला.

पाइप तापलेला होता. त्या थंडीत.

आणि पाइपातून आवाज आला. आता तो तिचा नव्हता. तरुण पोरीचा होता, धुरानं घोगरा झालेला.

'उंदरे... अगं उंदरे, सांग ना त्याला...'

मग एकदम सगळे आवाज परत आले. हातोडा, कपडे, माणसं.

"काय हो ताई, बरं वाटत नाही का?" चांभार विचारत होता.

"तुम्ही ऐकलंत? हा पाइप वाजत होता."

चांभारानं तिच्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"हा? अहो, हा वरून कधीच कापलाय. आमच्या वडिलांच्या वेळेपासून असाच आहे. वाजवणार कोण?"

तिनं वर पाहिलं. मघाशी तिसऱ्या मजल्यापर्यंत दिसलेला पाइप तिच्या डोक्याच्या हातभर वर संपत होता. पुढे नुसती भिंत.

घरी आली तेव्हा मी भाजी चिरत होते. आल्या आल्या म्हणाले, "कुठे होतीस? चहा काय शेजारी पाजणार मला?"

ती माझ्यासमोर बसली. तळहात उघडा करून दाखवला. मधोमध लाल पट्टा, भाजल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "उंदरी कोण?"

माझ्या हातातली सुरी खाली पडली.

हे नाव या जगात कुणाला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याला नव्हतं, मुलाला नाही. मी लहानखुरी होते, सारखं काहीतरी कुरतडत असायची, म्हणून एकच माणूस मला उंदरी म्हणायचं.

पन्नास वर्षं मी जे कोणाला सांगितलं नाही, ते त्या दिवशी सुनेला सांगितलं. आता तुम्हालाही सांगते.

मीही त्याच कारखान्यात होते. सतरा वर्षांची. त्या सकाळी मी कॉलर वाकडी शिवली, आणि ताईनं सगळ्यांसमोर ती उसवून माझ्या तोंडावर फेकली. मी फणफणले. दुपारी मला दोऱ्याची रिळं आणायला खाली पाठवलं. मी मुद्दाम वर जात नव्हते. वॉचमनच्या शेजारी बसून राहिले.

पाइप वाजला. तीन... मग चार, पाच, सहा.

वॉचमन म्हणाला, "अजून वेळ झाली नाही. तुझी बहीण आज फारच घाईत दिसते?"

मी म्हणाले, "तिला रोजच घाई असते. वाजवू दे."

वाजवू दे.

एवढंच म्हणाले मी. धूर दिसला तेव्हा पाइप वाजायचा बंद झाला होता.

मालकाच्या नातवावर माझा राग आहे. मालकावर तर आहेच, तो मेला तरी आहे. पण पन्नास वर्षं मी इतकी मोठ्यानं कुणावर ओरडत होते, ते सुनेला त्या दिवशी कळलं. ती ओरडली नाही. रडलीही नाही. चहा ठेवला तिनं.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटून आली. ते वाक्य काढा, नाहीतर अकराही थांब्यांवरून माझा आवाज काढा. ऑफिसातल्या मशीनवर सातव्या थांब्यात जुनंच वाक्य होतं, बाकी काही नाही. पण तिचा भाजलेला हात बघून तिथल्या लोकांनी मजकूर बदलला. वायर आली, कुलूप आलं, ताईची उभी इस्त्री आली.

शेवटचं वाक्य मी म्हणाले, माझ्या आवाजात हवं.

काचेच्या खोलीत मला बसवलं. जाड दार लावून घेतलं. मी माइकसमोर म्हणाले, 'खाली तिची धाकटी बहीण बसली होती. तिला ऐकू आलं होतं.'

मग त्यांनी ते मला ऐकवलं. माझं वाक्य संपलं. शांतता...

टक्. टक्. टक्.

तीनच.

काचेपलीकडे सून एकदम उभी राहिली. तिनंही ऐकलं होतं. मी उठले आणि ते जाड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं. दारात कोणी नव्हतं.

पण माझ्या मागून, त्या रिकाम्या खोलीतून, ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्याचा वास आला. माझ्या मानेशी काहीतरी हललं...

माझ्या स्वेटरची दुमडलेली कॉलर कुणीतरी सरळ केली.

ताई त्या दारातून बाहेर पडली, की माझ्याबरोबर घरी आली, मला माहीत नाही. सून विचारत नाही, मी सांगत नाही.

आमच्या घरातलं एकही दार मात्र मी आता लावू देत नाही. थंडी वाजली तर वाजू दे.