चिंचोळगीची जेवणारी भिंत

करवतीने कापून दोन केलेला खडा डबीत ठेवावा आणि आठ दिवसांनी डबी उघडली तर आत एकच खडा निघावा, ही नोंद कुठल्याही प्रयोगशाळेच्या वहीत शोभत नाही. डॉ. मृदुला हुंबे यांनी डबी झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि शेवटी तो चुन्याचा खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कापल्याची रेघ दिसत होती, पण ती पांढऱ्या दाण्यांनी पार भरून आली होती.

"सर, या डबीला तुम्ही हात लावला होतात?" तिने विचारलं.

समोर डॉ. सुहास मेढेकर बसले होते. वारसा मंडळाचे मुख्य संशोधक, महिन्यावर निवृत्ती आलेली. खडा त्यांनीच चिंचोळगी गावातल्या चौघर या जुन्या वास्तूतून आणला होता.

"फक्त लेबलं लावली," ते म्हणाले. "दोन्ही तुकड्यांवर. मग दोन्ही जुळवून दोरा गुंडाळला."

"लेबलं कशाने लावली?"

"खळीने. घरी मैदा आंबवून, शिजवून आणतो मी. तुमच्या त्या चिकटपट्ट्या पाच वर्षांत सुटतात. खळ माझ्या आज्याच्या कागदांवर अजून धरून आहे."

मृदुलाने कपाळाला हात लावला. सगळी प्रयोगशाळा अणुपातळीवर मोजमापं करते आणि हा गृहस्थ डब्यातून खळ घेऊन येतो. पण ती चिडली तरी आळशी नव्हती. तिने आणखी सहा खडे कापले. तीन खड्यांना खळ लावली, तीन खड्यांना नाही. आठवड्याने खळीचे तिन्ही सांधले होते. बाकीचे होते तसेच दोन-दोन तुकडे.

"यांना मी सांधजंतू म्हणते," पडद्यावरच्या हिरवट ठिपक्यांकडे बोट करत ती म्हणाली. "हे चुन्यातच राहतात. कोणीतरी मुद्दाम कालवले असणार. आंबलेलं पीठ हे त्यांचं अन्न. ते खाता खाता चुना विरघळवतात आणि पुन्हा दगडासारखा घट्ट बसवतात. खायला नसलं की झोपतात. शंभर वर्षंसुद्धा झोपतील."

"आणि एकदा जागे झाले की सगळी भिंत वाढते?"

"छे. पंगतीत ज्याच्या पानात पडेल त्याचंच पोट भरणार. जिथे अन्न मिळेल तिथेच थर धरतो. एका जेवणाला एक थर, ज्वारीच्या दाण्याएवढा. मात्र थर वाढवायचा तर अन्नात थोडा भिजवलेला चुना हवा, म्हणजे त्यांना सामान मिळतं."

मेढेकरांनी सांधलेला खडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "आंबील चालेल?"

"ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ ना? उत्तमच. का?"

"कारण चिंचोळगीत येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, चौघराच्या भिंतींना आंबील पाजायचे. चुना कालवून. आणि सव्वीस वर्षांपूर्वी ते मी बंद पाडलं."

वैज्ञानिकाला स्वतःची चूक सापडली की बाकीचे त्याला शोध म्हणतात. ज्याची चूक असते त्याला तसं काही वाटत नाही.

चौघर म्हणजे सातशे वर्षांची दगडी वास्तू. चार खोल्या, तीन खोल्यांना दारं, चौथीला दारच नाही. दार नाही, खिडकी नाही, भिंतीत सांधाही नाही. पोकळीशोधक यंत्र मात्र दर वेळी सांगायचं की आत खोली आहे. बांधणाऱ्यांनी छत घातल्यावर ते बाहेर कुठून आले, यावर तीन प्रबंध झाले होते. आत खजिना आहे म्हणणारे होते, आत कारागीरच राहिला म्हणणारे होते, आणि परग्रहावरचे लोक येऊन गेले म्हणणारे तर दर सुट्टीत गाड्या भरून यायचे. मेढेकरांनी अख्खी नोकरी त्या खोलीभोवती काढली होती. आणि आता चौघराला तडे गेले होते. चौथ्या खोलीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंद भेग पडली होती, खाली तर दगड निखळून माणूस रांगत जाईल एवढं भोक झालं होतं. मंडळाच्या समितीने वास्तू उतरवून टाकायचं ठरवलं होतं. पंधरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दोघं स्वयंचल गाडीने चिंचोळगीला पोचले. कुंपणाच्या दाराशी एक सत्तरीची बाई उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर विभूती, कमरेवर हात.

"या शिवलीलाक्का बिराजदार," मेढेकर मृदुलाच्या कानाशी म्हणाले. "आंबिलीचा मान यांच्या घरच्या सुनेचा. माझ्याशी सव्वीस वर्षं बोलत नाहीत."

"का बोलावं?" अक्का म्हणाल्या. त्यांचे कान चांगलेच तिखट होते. "माझ्या सासूच्या हातातली घागर ह्या साहेबानं काढून घेतली. मुंग्या लागत्यात म्हने, वास्तू खराब होती म्हने. सासू त्याच साली गेली. मरताना म्हनली, लीला, भिंत उपाशी हाय."

मृदुला तोवर कुंपणाच्या कडेने भिंत पाहत चालली होती. सगळीकडे तडे, चुन्याची भुकटी झालेली. फक्त उत्तरेच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या गजांतून हात पोचेल एवढ्या जागी, एकही तडा नव्हता. उलट तिथे भिंत चार बोटं पुढे आली होती, गुळगुळीत आणि टणक.

"अक्का, ही जागा एवढी फुगली कशी?"

अक्कांनी आभाळाकडे बघितलं. मग चिंचेच्या झाडाकडे बघितलं.

"अक्का."

"वर्साला एक तांब्या," त्या म्हणाल्या. "येळवशीच्या दिवशी. गजातनं हात घालून. जास्ती न्हाई बगा. आता फौजदार बोलवा न्हाईतर काय बी करा."

मृदुलाने पट्टी लावून फुगवटा मोजला. सव्वीस वर्षं, सव्वीस थर, एकेक ज्वारीच्या दाण्याएवढा. हिशोब तंतोतंत जुळला. तिने अक्कांना तिथेच मिठी मारली. अक्का अवघडल्या, पण त्यांनी सोडवून घेतलं नाही.

मेढेकर पुढे आले. "अक्का, चुकलं माझं. तुम्ही जपत होता, मी मोडलं. खात्री न करता मोडलं. आता तुम्हीच वाचवाल तर वाचेल."

"माफी भिंतीला मागा," अक्का म्हणाल्या. "मला काय तडे गेले न्हाईत." पण मागे वळून सुनेला ओरडून सांगितलं, "अगं, चूल पेटव. साहेबांना भाकरी घाल. वाळलेत पार."

समितीला मृदुलाने खड्यांची चित्रं, फुगवट्याचं माप, सगळं पाठवलं. समितीच्या बांधकाम अभियंत्याने पडद्यावरूनच नाक मुरडलं. भिंतीला जेवू घालायचं हे कागदावर कसं लिहायचं, हीच त्याची मुख्य अडचण दिसली. शेवटी 'जैविक सांधोपचार' असा शब्द निघाला आणि परवानगी मिळाली. अट एकच होती. पंधराव्या दिवशी भेग भरलेली नसेल तर वास्तू उतरणार. भरली असेल तर त्याच संध्याकाळी खालचं भोकही दगडांनी बुजवून टाकायचं, कारण त्याच्यावर छताचा भार येत होता.

"म्हणजे भिंत वाचली तर खोली कायमची बंद," मृदुला म्हणाली. "सर, तुम्ही आजच आत जा ना."

"भेग भरेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही असं त्या अभियंत्याने बजावलंय. छत हलतंय. थांबेन मी. या वास्तूबाबत एकदा घाई केली आहे."

वर्षाला एक जेवण मिळणाऱ्या भिंतीला रोज जेवण सुरू झालं. घरोघरी ज्वारीचं पीठ ताकात आंबायला पडलं. बायका शिड्यांवर चढून भेगेच्या दोन्ही ओठांना आंबील सारवू लागल्या. अक्का खाली खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणाची आंबील पातळ, कुणाची करपलेली, ते गावभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. मेढेकर चुना भिजवून द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ढेकळं ठेवली तर अक्का म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बायकोनं तुम्हाला स्वयंपाकघरात कधी घेतलं न्हाई का?" सव्वीस वर्षांचं न बोललेलं सगळं त्या व्याजासकट बोलत होत्या, आणि मेढेकर मान खाली घालून चुना घोटत होते. त्यांना ते आवडत होतं, हे मृदुलाच्या लक्षात आलं.

चौथ्या दिवशी भेग तीन बोटं झाली. नवव्या दिवशी करंगळी जाईना. खालचं भोक तेवढं कोरडं ठेवलं होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी अभियंता स्वतः आला. त्याने भेगेच्या जागी हातोडीने ठोकून पाहिलं, कान लावला, कंपनमापक लावला, पुन्हा ठोकलं. मग मान हलवत कागदावर सही केली. चौघर उतरणार नाही. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांदेखत रडून घेतलं. "सासूबाई, जेवली हो भिंत," एवढंच त्या म्हणाल्या.

"मेढेकर साहेब, तुमच्याकडे दोन तास आहेत," अभियंता म्हणाला. "मग माझी माणसं भोक बुजवतील."

मेढेकर दिवा घेऊन रांगत आत शिरले. बाहेर भोकाशी अक्का आणि मृदुला बसल्या. अक्कांच्या मांडीवर उरलेल्या आंबिलीची घागर होती. आतून बराच वेळ नुसतं खोकणं ऐकू आलं.

"सर, काय आहे आत?"

"रांजण. मोठमोठे रांजण. चूल आहे. जातं आहे, केवढं तरी." आवाज घुमत होता. "मृदुला, हे स्वयंपाकघर आहे. आंबील इथेच करत असणार."

"मग ते आत जात कुठून होते?"

मग मेढेकर हसले की काय, असं वाटलं.

"दारातून. इथे दार आहे. पूर्वेच्या भिंतीत. कोरीव चौकट आहे, पुरुषभर उंच, बाहेरून ती लिंपणाखाली गेली असेल. पण चौकटीत फळ्या नाहीत, चुना आहे. खालून वर थर चढत गेलेत. ज्वारीच्या दाण्याएवढे. आणि प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक पिवळी रेघ आणि एक लाल रेघ. वरपर्यंत."

मृदुलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "हळद-कुंकू," ती म्हणाली. "उंबरा. येळवशीला भिंतींना आंबील देताना बायकांनी उंबऱ्याची पूजाही केली. त्यालाही आंबील लावली. दर वर्षी एक थर. एका सुनेच्या हयातीत उंबरा वीतभर वर येतो, त्याचं कुणाला काय वाटणार? पुढची सून थोडा पाय जास्त उचलणार आणि त्या नव्या उंबऱ्याला पुन्हा आंबील लावणार. साडेचारशे वर्षं, सर. दाराची खिडकी झाली, खिडकीचा कोनाडा झाला, कोनाड्यालाही कोणीतरी लावली असेल. खोली कुणी बंद केलीच नाही."

"आमीच केली की," अक्का हळूच म्हणाल्या. "आमच्याच घरच्या बायांनी."

त्यांचा चेहरा उतरला होता. मृदुलाने त्यांचा दंड धरला. "अक्का, त्यात वाईट काही नाही. उलट बरंच झालं. ते दार म्हणजे नुसती भर आहे, त्याच्यावर छताचा भार नाही. हे भोक बुजलं तरी ते दार कापून उघडता येईल."

"थांबा," आतून मेढेकरांचा आवाज आला. "चौकटीच्या आतल्या बाजूला अक्षरं कोरलीत. धूळ पुसतो. भिंतीसि वरुषा एक वेळ द्यावें. म्हणजे भिंतीला वर्षातून एकदा. उंबरेयासि नेदावें. उंबऱ्याला देऊ नये."

"म्हणजे बांधणाऱ्याला माहीत होतं," मृदुला म्हणाली. "आणि सूचना लिहिली कुठे, तर जी खोली बंद होणार त्याच खोलीत. त्याला वाटलं असणार, स्वयंपाक करणारी रोज वाचेल."

"अजून एक ओळ आहे." आतून पुन्हा धूळ पुसल्याचा आवाज आला. "सुनेनें माया आवरावी."

सातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आपल्या घरच्या बायका चांगल्याच ठाऊक होत्या. मृदुलाने हसत अक्कांकडे पाहिलं, आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. अक्कांचा उजवा हात कोपरापर्यंत आंबिलीने माखला होता. मेढेकर ज्या कडेवरून रांगत आत गेले होते, ती भोकाची खालची कड या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत ओली, पांढरी आणि छान सारवलेली होती. मधोमध कुंकवाची दोन बोटं उमटली होती.

"अक्का, हे कधी केलंत?"

"ते आत गेले तवाच. एवढा मोठा मानूस पयल्यांदा आत गेला, उंबरा कोरडा ठेवायचा व्हय?"

"पण आत्ताच ऐकलंत ना काय लिहिलंय? हात काढा बघू."

"काढते की," अक्का म्हणाल्या, आणि आधी राहिलेला कोपरा सारवून घेतला.